खुंट

पुण्यात असताना पुस्तकं, झेरॉक्स आणि मेसचा डबा सोडून मी स्वतःसाठी फारसं काही विकत घेतलं नाही. अपवाद एकच. डिसेंबर २०१९ मध्ये राज्यसेवेची जाहिरात आली, फॉर्म भरला आणि त्याच आठवड्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून रूमवर जाताना फुटपाथवर रोपं विकणाऱ्याकडून दीडशे रुपयांचं एक कॅक्टस घेतलं. खाली बोटभर जाडीचा, तीन धारांचा हिरवा दांडा. त्याच्या डोक्यावर लालभडक गोळा, टोमॅटोला काटे फुटल्यासारखा. विकणारा म्हणाला, "पाणी द्यायला विसरलात तरी मरत नाही." मला तेवढंच हवं होतं.

कॉट बेसिसवर राहणाऱ्याला टेबलाचा जेमतेम एक कोपरा मिळतो. त्या कोपऱ्यात हे कॅक्टस बसलं. माझा रूममेट नांदेडचा होता. त्यानं त्याचं नाव 'तहसीलदार' ठेवलं. सकाळी उठलो की तो कुंडीला हात जोडायचा, "साहेब, आमचंही बघा जरा." लाल दिवा, खाली हिरवा शिपाई, असं काहीतरी आमचं चाललेलं असायचं. दीडशे रुपयांत तीन महिने करमणूक झाली म्हणायची.

पाच एप्रिल २०२० ची पूर्व पुढं ढकलली गेली आणि लॉकडाऊन लागायच्या आत मी तहसीलदारांना मांडीवर घेऊन भोकरदनमार्गे गावी पोचलो. आमचं गाव धावडा. जालना जिल्ह्याचं वरचं टोक, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याला, बुलढाण्याला लागून. धावडा हे झाडाचंही नाव आहे. डिंकाच्या लाडवातला डिंक ज्याचा असतो ते. गावात मात्र पोरांना ते झाड ओळखू येत नाही, मलाही येत नाही. आमचा पट्टा मिरचीचा. मिरची, कपाशी, मका, आणि बांधावर कुणी न लावलेलं निवडुंग.

आईनं कुंडी बघितली आणि पहिलं वाक्य बोलली, "काटेरी झाड घरात कामून आणलं? भांडणं लागतेत." म्हणून साहेबांची बदली न्हाणीच्या भिंतीवर झाली. जानेवारी २०२१ मध्ये मी पुण्याला परत गेलो तेव्हा बसमध्ये धक्के लागतील म्हणून त्यांना तिथंच ठेवलं. धाकट्या बहिणीला म्हणालो, "बघ जरा." ती भोकरदनच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. "बघते," म्हणाली.

त्या मार्चमध्ये काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल. १४ तारखेची पूर्व तीन दिवस आधी पुढं ढकलली आणि पोरं रस्त्यावर उतरली. मीही उतरलो. परीक्षा २१ ला झाली. मी कटऑफच्या चार मार्क खाली राहिलो. चार मार्क म्हणजे दोन प्रश्न. ते दोन प्रश्न कोणते असतील यावर मी एक अख्खा उन्हाळा घालवला.

घरून दर महिन्याला सात हजार यायचे. अण्णा पाच तारखेच्या आत टाकायचे. मिरचीला भाव असो नसो, मेसेज यायचाच. पैसे कुठून येतात हे मी विचारत नव्हतो. खोटं कशाला बोलू, विचारायचं टाळत होतो.

२०२२ च्या दिवाळीला घरी आलो. न्हाणीच्या भिंतीवर कुंडी होती, पण तिच्यात नुसता हिरवा दांडा. दोन हात वाढलेला, वाकडातिकडा, भिंतीला मुळ्या टाकून चिकटलेला. बहिणीला विचारलं, "तहसीलदार कुठंयत?"

"गेले."

"कधी?"

"आषाढात. आधी बुडाशी पिवळे पडले, मग मऊ झाले. एक दिवस हात लावला तर टोपीसारखे निघून आले."

"मग सांगितलं नाहीस?"

"तुझी पूर्व तोंडावर होती."

त्याच संध्याकाळी मी सहज विचारलं की सेकंड इयरचा निकाल कसा लागला. ती भाकरीचं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडलंय, आता सव्वा वर्ष होईल. बसचं भाडं, फी, त्यात त्या साली मिरची नेमकी पडली. "आणि तुझी परीक्षा होती," ती म्हणाली. दोन्ही बातम्यांचं कारण एकच. दोन्ही बातम्या सांगताना तिचा आवाजही सारखाच होता.

रात्री ओट्यावर बसून मोबाइलवर त्या कॅक्टसचं शोधलं. दुसरं काय करावं सुचत नव्हतं. तेव्हा कळलं की ते एक झाड नव्हतंच, दोन होती. वरचा लाल गोळा जिम्नोकॅलिसियम नावाच्या कॅक्टसचा, त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतलं पराग्वे. एरवी ते हिरवट-करड्या रंगाचं असतं. कधीतरी हजारो रोपांत एखादं हरितद्रव्य नसलेलं निपजतं आणि झाकलेला लाल रंग उघडा पडतो. दिसायला देखणं, पण स्वतःचं अन्न स्वतः करता येत नाही. बियातली शिदोरी संपली की आठवड्या-दोन आठवड्यांत मरतं. १९४१ च्या सुमारास वातानाबे नावाच्या जपानी रोपवाटिकावाल्यानं असली लाल पिल्लं मरायच्या आत उचलून हिरव्या कॅक्टसवर बांधली आणि ती जगली. आज जगभर विकलं जाणारं 'मून कॅक्टस' ते हेच. खालचा हिरवा दांडा बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटचा असतो. तो उन्हात राबतो, वरचा लाल दिसतो. त्यातही खालच्याची वाढ जोरात आणि वरच्याची सावकाश, त्यामुळं काही वर्षांत दोघांचं जमेनासं होतं. वरचा जातो.

हे सगळं मी बहिणीला वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तू."

आणि हसली. मीही हसलो, अर्धा सेकंद उशिरा.

इथं मी पुण्याची बॅग सोडून घरी राहिलो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी पुण्याला परत गेलो. सगळं माहीत झाल्यावर अजून एक अटेम्प्ट दिला, अजून आठ महिने सात हजार घेतले. तेव्हा माझा हिशोब असा होता की आता थांबलो तर तिचं वर्षही वाया आणि माझंही. हा हिशोब अभ्यासिकेतला प्रत्येक जण करतो आणि तो करताना तोंडानं तो फार पटतो. २०२३ च्या जूनच्या निकालानंतर रूम सोडली.

घरी आलो तेव्हा न्हाणीच्या भिंतीवर सतरा डबे होते. रंगाचे, तेलाचे, एक फुटका माठ. सगळ्यांत तेच तीन धारांचं झाड. बहिणीनं हे ठरवून केलं नव्हतं. सुरुवात शेळीनं केली. शेळी दाव्यासकट भिंतीवर चढली आणि दांड्याचा शेंडा मोडून मुरमाच्या ढिगावर पडला. कामाच्या धांदलीत तो तिथंच राहिला. दहा-बारा दिवसांनी बघितलं तर तुटलेला भाग सुकून खपली धरलेली आणि शेजारून पांढऱ्या मुळ्या निघालेल्या.

तिला तेवढ्यावरून सगळं समजलं. मला ते पुढं यूट्यूबवर दहा व्हिडिओ बघून समजलं. कॅक्टसची फांदी कापली की लगेच मातीत खोचायची नाही. गुलाबाची कलमं लावणाऱ्या हातांना हे जमत नाही, त्यांना वाटतं सुकेल. इथं उलट आहे. आत पाणी भरपूर असतं, भीती सडण्याची असते. ओली जखम ओल्या मातीला लागली की बुरशी आत शिरते. वीतभर तुकडा कापायचा, आठवडाभर सावलीत नुसता पडू द्यायचा, कापलेल्या जागी बोटाला कोरडं लागलं की मग लावायचा. खालचं टोक खालीच राहिलं पाहिजे, तुकडे सारखे दिसतात म्हणून कापतानाच खालच्या बाजूला खूण करायची. ती कोळशानं रेघ मारायची. आमची काळी माती याला चालत नाही, पाणी धरून बसते. तिनं डोंगराकडचा मुरूम, थोडी वाळू आणि मूठभर कुजलेलं शेणखत असं मिश्रण केलं होतं. लावल्यावर पहिला आठवडा पाणी नाही. तीन-चार आठवड्यांनी हळूच ओढून बघायचं. धरून ठेवलं तर मूळ आलं.

सतरातलं एकही सडलं नव्हतं. मी विचारलं, "एवढी कशाला केली?" म्हणाली, "मरंना तर काय करू? फेकवलं नाही."

मी ठरवलं, याच्यावर परत लाल बसवायचं. घरात सांगताना धंद्याचं निमित्त सांगितलं. दीडशे रुपयाचं एक, शंभर केली तर पंधरा हजार. बहिणीनं ते गणित ऐकून घेतलं. घेणारं धावड्यात कोण आहे, एवढंच विचारलं. खरं कारण धंदा नव्हतं. सकाळी उठून करायला काहीतरी लागत होतं, ज्याचा निकाल दोन आठवड्यांत लागतो.

संभाजीनगरच्या एका नर्सरीतून एक जून मून कॅक्टस आणलं. त्याच्या अंगाला बोराएवढी सहा पिल्लं होती. पण बहिणीच्या डब्यांना हात लावायचा धीर होईना. मनात आलं, निवडुंग ते निवडुंग, आधी बांधावरच्या थोरावर प्रयोग करू. थोरही धारांचा, काटेरी, दांडगा. एक पिल्लू काढलं, थोराचा शेंडा उडवला आणि दुधाची धार लागली. पुसतोय तोवर परत दूध. तसंच वर पिल्लू ठेवून रबर बांधलं. रात्री चुकून डोळ्याला हात लागला आणि दोन तास विहिरीच्या पाण्यानं डोळा धूत बसलो. चौथ्या दिवशी पिल्लू काळं.

मामा तेव्हा आला होता. आईचा धाकटा भाऊ, अंबड तालुक्यातला. सगळा प्रकार ऐकून म्हणाला, "भाचेबुवा, मोसंबीवर आंबा बसंल का? सोयरिकीला गोत जुळावं लागतं."

बरोबर होतं त्याचं. थोर, साबर, शेर ही आपल्याकडची दुधाळ मंडळी एरंडाच्या कुळातली. कॅक्टस दिसायला त्यांच्यासारखं, पण त्याचं कूळ अमेरिकेतलं. कापलं तर पाणी निघतं, दूध नाही. आपल्या बांधावरचं खरं कॅक्टस एकच, फड्या निवडुंग, आणि तेही आणलेलं. लाल रंग देणारे कोचिनील किडे पोसायला युरोपियन लोकांनी ते इकडं आणलं. १७९५ साली ब्राझीलहून किडा आला तो चुकीच्या जातीचा, रंग हलका आणि खाणं जोरात. पुढं फड्यानं शेतं गिळायला सुरुवात केली तेव्हा १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसरी जात मुद्दाम आणून सोडली, निवडुंग मारायला. आम्ही लहानपणी फड्यावर पांढरा कापूस दिसला की काडीनं चिरडायचो, लालभडक निघायचं. त्याला आम्ही 'निवडुंगाचं रक्त' म्हणायचो. बोंडंही खायचो, जीभ दोन दिवस लाल आणि ओठांत कुसळं.

मामाला मी म्हणालो, "तूच बांधून दे." तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "बघू."

मामा कधीकाळी डोळे भरणारा म्हणून चार गावांत माहीत होता. मोसंबीची कलमं करायची तर रंगपूर लिंबाचं नाहीतर जंबेरीचं रोप वाढवायचं, तो खुंट. त्याच्या सालीला काप देऊन मोसंबीचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टीनं बांधायचं. हंगामात तो दिवसाला शेकड्यांनी डोळे भरायचा. त्याची स्वतःची दोनशे झाडांची बाग होती. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या बागा गेल्या, त्यात त्याचीही गेली. तेव्हापासून त्यानं कलमाचा चाकू धरला नव्हता. मला हे माहीत होतं. तरी विचारलं, कारण मला माझी पिल्लं जगवायची होती. असा मी आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीच्या शेवटी थंडी सरल्यावर तो परत आला. फडक्यात गुंडाळलेला चाकू घेऊन. पात्याला गंज होता. त्यानं अर्धा तास दगडावर घासला, मग स्पिरिटनं पुसला. कॅक्टसचं कलम त्यानं कधी केलं नव्हतं. मी मोबाइलवर व्हिडिओ लावला, तो एकदा बघून म्हणाला, "बंद कर, समजलं."

खुंट टवटवीत, वाढीला लागलेला पाहिजे, सुकटलेला नको. त्यानं बहिणीच्या डब्यांतले चार निवडले. शेंडा एका झटक्यात आडवा कापला. मधोमध एक फिकट कडं दिसलं, अन्नपाण्याच्या नळ्यांचं. मग तिन्ही धारांचे कोपरे तिरपे छाटले. कापलेला भाग सुकताना मधून खाली बसतो, कडा वर राहिल्या तर पिल्लाला उचलून धरतात आणि सांधा सुटतो. हे व्हिडिओत सांगितलं होतं, पण त्यानं ते ऐकायच्या आधीच केलं. पिल्लाचं बूड कापलं, त्यालाही तसंच बारीक कडं. दोन्ही कडी एकमेकांना कुठंतरी भेटली पाहिजेत. खुंटाचं जाड आणि पिल्लाचं लहान, त्यामुळं पिल्लू बरोबर मधे ठेवून चालत नाही, एका बाजूला सरकवावं लागतं. ठेवून किंचित फिरवायचं, आतली हवा निघते. मग डोक्यावरून कुंडीच्या बुडाखालून दोन रबरं, एकमेकांना आडवी. घट्ट नको, सैलही नको.

चार झाली. पाचवं पिल्लू आईच्या सांगण्यावरून फड्याच्या पानावर बसवलं. तोही कॅक्टसच, गोत जुळत होतं. मामाच्या बोटात कुसळं गेली ती बहिणीनं सुईनं काढली.

काढता काढता तिनंच विचारलं, "मामा, बाग तोडायचं तुम्ही कधी ठरवलं?"

मला वाटलं तो उठून जाईल. तो म्हणाला, "ठरवलं नाही गं. टँकर विकत घेत होतो. शिवरात्रीपर्यंत घेतले. एक दिवस टँकरवाल्याला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीबी केला नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "झाडं लगेच मरत नाहीत. महिनाभर हिरवी दिसतात. तेवढाच तरास."

सगळी झाडं कुऱ्हाडीनं तोडून सरपणाला गेली. बांधाकडेचं एक राहिलं. पावसाळ्यात त्याच्या बुडातून फुटवे आले, खुंटाचे, रंगपूरचे. वरची मोसंबी मेली होती, खालचं लिंबू जिवंत होतं. एरवी असे फुटवे दिसले की शेतकरी खुडून टाकतो, नाहीतर सगळी ताकद तेच खातात. मामानं खुडले नाहीत. आता त्या झाडाला नारिंगी सालीची आंबटढाण लिंबं लागतात आणि मामी दर वर्षी त्यांचं लोणचं घालते. आमच्याकडं बरणी येते. मी ते लोणचं पाच वर्षं पुण्याला डब्यात नेत होतो, कसलं लिंबू आहे हे न विचारता.

अण्णा हे सगळं दारात बसून ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनाही पाच वर्षं दर महिन्याला कुणाला तरी फोन करावा लागला असणार, भावाला, आडत्याला. तो फोन त्यांनी एकदाही चुकवला नाही. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. कलमांवर पाणी पडू नये म्हणून डबे उचलून आत ठेवत राहिलो. पहिले दहा दिवस सांध्याला थेंबही लागता कामा नये.

अकराव्या दिवशी रबरं काढली. पाचातली तीन धरली. दोन ड्रॅगन फ्रूटवरची आणि, कुणालाच वाटलं नव्हतं, एक फड्यावरचं. उरलेली दोन बोटानं ढकलल्यावर घरंगळली. यूपीएससीपेक्षा निकाल चांगला आहे, मी बहिणीला म्हणालो. ती म्हणाली, "मामानं बांधली म्हणून."

जूनमध्ये तिनं सेकंड इयरला परत प्रवेश घेतला. वर्गातल्या पोरी तिला ताई म्हणतात, याचा तिला राग येतो. मी अण्णांबरोबर मिरचीत असतो आणि संध्याकाळी आठवी ते दहावीच्या पोरांना गणित शिकवतो. पाच तारखेच्या आत तिच्या खात्यावर दीड हजार टाकतो. दीडच. एकही कॅक्टस अजून विकलेलं नाही.

परवा पाणी घालताना दिसलं, दोन नंबरच्या डब्यात लाल पिल्लाच्या खाली, खुंटाच्या धारेवर एक हिरवा कोंब आलाय. दाण्याएवढा. तो खुडायचा असतो. ठेवला तर महिन्याभरात वरच्याचं पाणी तोडतो. मी नख लावलं होतं. बहीण मागून म्हणाली, "राहू दे की."

मामा दिवाळीला येणार आहे. त्याला दिसणारच.